परिपत्रक, अंडी आणि झोप : सीमाभागातल्या एका मुख्याध्यापिकेचं प्रकरण

या प्रकरणातल्या बाई बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या एका सरकारी मराठी शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका आहेत. वय ४८, नोकरी २४ वर्षांची. घर अनगोळला, शाळा बसने सव्वा तासावर. पती उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर, मुलगा पुण्याला नोकरीत, घरी सासूबाई. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि काही खुणा बदलल्या आहेत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पती त्यांना समुपदेशनासाठी घेऊन आले. त्यांची तक्रार एका वाक्याची होती : "हिला झोप लागेल असं काहीतरी सांगा." बाईंचं म्हणणं वेगळंच होतं. झोपेबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. आदल्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलावर वही विसरल्याबद्दल त्या ओरडल्या होत्या. "पोरगं रडलं, आणि मला काहीच वाटलं नाही बघा. पूर्वी माझाच घसा दाटून यायचा. मी वाईट झालेय का?"

मला झोपेपेक्षा हे महत्त्वाचं वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात (ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं) बर्नआउटला रोग म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला, लांबत गेलेला ताण आणि त्यातून उद्भवणारी स्थिती, असं त्याचं वर्णन आहे. त्याची लक्षणं तीन : शक्ती संपून जाणं, कामापासून आणि कामातल्या माणसांपासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. पहिलं लक्षण सगळ्यांना दिसतं. दुसरं दिसतं तेव्हा माणूस ते स्वभावावर घेतो. बाईंनी तेच केलं होतं. थकल्याची लाज त्यांना नव्हती, त्यांना कोरडं झाल्याची लाज वाटत होती.

तिसरं लक्षणही होतंच. चार ओळींचं परिपत्रक त्या तीनदा वाचत आणि तरी तारीख चुकवत. एकदा मुलांच्या माहितीत दोन आडनावांची अदलाबदल झाली. ती दुरुस्त करायला अर्धा दिवस गेला आणि त्या रात्री त्या जाग्याच होत्या.

दिवस कसा भरला होता

पहिली ते सातवी, ८६ मुलं. कायम शिक्षक दोन, त्यातल्या एक बाई स्वतः. शिवाय एक अतिथी शिक्षिका. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत पूर्णवेळ मुख्याध्यापक मोठ्या पटाच्या शाळेलाच मिळतो : प्राथमिकला दीडशेच्या वर, उच्च प्राथमिकला शंभराच्या वर मुलं लागतात. पट त्याखाली असला की मुख्याध्यापकानं वर्गही घ्यायचे आणि ऑफिसही सांभाळायचं. बाईंकडे सहावी-सातवीचं गणित-विज्ञान होतं. त्यातून उरलेल्या वेळात मुलांची ऑनलाइन माहिती, अक्षर दासोहाचा (म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा) हिशेब, दूध, रागी माल्ट (नाचणीचं पेय), मतदार यादीचं काम, एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठका आणि गळणाऱ्या छपराचा पाठपुरावा.

अंड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. सप्टेंबर २०२४ पासून कर्नाटकातल्या सरकारी शाळांत आठवड्याचे सहाही दिवस अंडी देणं सुरू झालं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना तेव्हा केळं किंवा चिक्की मिळायची. मुलांच्या दृष्टीनं योजना उत्तम, यात बाईंनाही शंका नव्हती. पण अंडी आणायची, उकडायची, सोलायची, कोण खातं कोण खात नाही याची रोज नोंद ठेवायची, आणि बाजारभाव मंजूर दरापेक्षा चढला की फरक कुठून भरायचा याची काळजी करायची. एका अंड्यामागे रुपया-दीड रुपया, म्हणून कुणाला सांगायलाही संकोच वाटतो. काही आठवडे तो बाईंच्या पर्समधून गेला.

तरीही या सगळ्याची बाईंना सवय होती. मोडल्या त्या दुसऱ्याच गोष्टीनं, आणि ती कुठल्याही सेवापुस्तकात लिहिलेली नाही.

बाईंचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड मुलखातलं. कन्नड त्या मराठीइतक्याच सहज वाचतात-लिहितात. खात्याची परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल अशा भागात सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, असं संरक्षण कागदावर आहे, आणि सीमाभागात ती मागणी कित्येक वर्षं चालू आहे. शाळेत मात्र सकाळी साडेनऊला मोबाइलवर पीडीएफ येते आणि 'आजच माहिती पाठवा' असा निरोप असतो. जुन्या मराठी शिक्षकांना कन्नड बोलता येतं, बाजारात, बसमध्ये अडत नाही. पण कार्यालयीन कन्नडची लांबलचक वाक्यं वाचून रकाने भरायचे म्हणजे त्यांना घाम फुटतो. "बाई, तेवढं बघा की ओ," असा एका शेजारच्या गुरुजींचा फोन आठ-नऊ वर्षांपूर्वी आला होता. बाईंनी सांगितलं. मग दुसऱ्या शाळेतून आला. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा डझनभर शाळा त्यांच्यावर विसंबून होत्या. रात्रीचं जेवण आवरलं की साडेनऊ ते बारा बाई परिपत्रकांचा मराठी सारांश बोलून व्हॉइस नोट पाठवत. काहींचे तर तक्तेही भरून देत.

थकवा कशाचा होता

बर्नआउटवर आयुष्यभर संशोधन केलेल्या क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकल लायटर यांनी कामातल्या सहा जागा दाखवल्या आहेत, जिथं माणूस आणि काम यांचं जुळत नाही : भार, नियंत्रण, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्यं. एकेक जागा घेऊन आम्ही बोललो. भाराबद्दल बाई शांतपणे बोलल्या. मूल्यांबद्दल तक्रार नव्हती, शाळा टिकावी हे त्यांना मनापासून वाटतं. आवाज चढला तो न्यायाच्या मुद्द्यावर. आपण रात्री जागून ज्यांचे तक्ते भरतो त्यांची माहिती वेळेत जाते, त्यांचं कौतुक होतं आणि आपली माहिती उशिरा गेली म्हणून बैठकीत आपल्याला उभं केलं जातं. हे त्यांनी पतीलाही सांगितलं नव्हतं.

नैराश्य आहे का, हे आधी पाहणं भाग होतं. नैराश्याची सावली सगळ्या आयुष्यावर पडते; बर्नआउट बराच काळ कामाला बांधलेलं राहतं. बाईंना मुलाशी फोनवर बोलताना हसू येत होतं, सासूबाईंबरोबर मालिका बघताना मन रमत होतं, रविवारी सकाळी बरं वाटायचं आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून पोटात गोळा यायचा. जीव नकोसा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारलं. नाही म्हणाल्या. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये घालून दिला. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मग डॉक्टर. बर्नआउट समजून रक्त न तपासणं, हे मी नको तितक्या वेळा पाहिलं आहे. थायरॉइड आणि साखर ठीक निघाली, हिमोग्लोबिन ९.६. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. गेलं वर्षभर पाळीत अंगावरून फार जात होतं, पण 'या वयात होतंच' म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून औषध सुरू केलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही, हे बाईंना पहिल्यांदाच कळलं. जिना चढताना लागणारी धाप महिन्याभरात कमी झाली. म्हणजे ज्याला सगळे कामाचा ताण म्हणत होते त्यातला एक हिस्सा रक्ताचा होता.

आणखी एक गोष्ट उघड झाली. ओळखीच्या मेडिकलमधून त्या झोपेची गोळी आणत होत्या. चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी ही गोळी महिना-दीड महिना रोज चालली होती. ती एकदम बंद करणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवली.

चांगल्या सवयींची पहिली फेरी

आमच्याकडे येण्याआधी बाईंनी स्वतः प्रयत्न केले नव्हते असं नाही. यूट्यूब बघून श्रावणात त्यांनी पाचला उठून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला सुरुवात केली होती. प्राणायाम, गरम पाण्यात लिंबू, रात्री दहा मिनिटं ध्यान. वहीत रोज टिक करायची. हे सगळं त्यांनी अगदी शिस्तीत केलं, कारण त्या सगळंच शिस्तीत करतात. निजायला साडेबारा आणि उठायला पाच, म्हणजे साडेचार तासांची झोप. तिसऱ्या आठवड्यात त्या बसमध्ये उभ्या-उभ्या पेंगल्या आणि हातातला डबा खाली पडला. चालणं सुटलं, टिका थांबल्या आणि 'साधं चालणंही जमत नाही' हा आणखी एक ठपका स्वतःवर आला.

आरोग्याच्या सल्ल्यांमधली ही अडचण फारसं कुणी बोलून दाखवत नाही. प्रत्येक सवयीला वेळ लागतो आणि तो कुठून तरी काढावा लागतो. भरलेल्या दिवसात आधी काही कमी न करता चालणं घुसवलं की ते झोपेतून कापलं जातं. म्हणून आमचा क्रम उलटा होता : आधी काम कमी, मग झोप, मग जेवण, आणि चालणं सर्वांत शेवटी.

बसचीही एक गोष्ट इथं येते. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. बाईंचे पैसे वाचले, पण गर्दी इतकी वाढली की बसायला जागा मिळेना. पूर्वी जाता-येता मिळणारी तासाभराची विश्रांती गेली. दीड वर्ष ती कुठं गेली हे कुणाच्या, बाईंच्याही, लक्षात आलं नव्हतं.

काम कमी करणं

डिसेंबरात डॉक्टरांच्या दाखल्यावर बाईंनी तीन आठवडे रजा घेतली. पहिला आठवडा त्या नुसत्या झोपल्या, दुसऱ्यात चिडचिड झाली, तिसऱ्यात परत जायची भीती वाटू लागली. नुसत्या रजेनं बर्नआउट बरं होत नाही याचं कारण इथं दिसतं : परत गेल्यावर टेबल तेच असतं. म्हणून रजेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही टेबल बदलायला बसलो.

परिपत्रकांसाठी त्यांनी नियम केला. रोज पावणेपाचला, शाळेतून निघण्याआधी, सगळ्यांसाठी एकच व्हॉइस नोट. वैयक्तिक फोन नाही, तक्ते भरून देणं नाही, घरी गेल्यावर काही नाही. शिवाय एक काम असं केलं की जे खूप आधीच व्हायला हवं होतं. वर्षभरातली परिपत्रकं काढून पाहिली तर बरीचशी दरवर्षी तीच : पटनोंदणी, पाठ्यपुस्तकांची मागणी, गणवेश, शिष्यवृत्ती, आरोग्य तपासणी. त्या सगळ्यांचे रकाने मराठीत समजावून बाईंनी एक वही तयार केली आणि तिचे फोटो गटावर टाकले. शेजारच्या शाळांतल्या दोन तरुण शिक्षिका, दोघी कन्नडमध्ये चांगल्या, आठवडा वाटून घ्यायला तयार झाल्या. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात हाच भाग सर्वांत अवघड गेला. एक ज्येष्ठ गुरुजी 'बाई आता मोठ्या झाल्या' असं म्हणाले आणि बरेच दिवस बोलले नाहीत. आणि बाईंनाही फोन न येण्याचा त्रास झाला. तिसऱ्या-चौथ्या सत्रात त्या म्हणाल्या, "रात्री मोबाइल वाजत नाही तर कसंतरीच वाटतं. म्हणजे मला ते आवडत होतं की काय?" आवडत होतंच. ज्या कार्यालयात मराठी शिक्षक दबकून उभे राहतात तिथं आपण सहज बोलतो, बारा शाळा आपलं ऐकतात, हा मान होता. पगारात न मिळणारा मोबदला त्यांना तिथं मिळत होता. तो काढून घेताना त्याच्या जागी काय, याचा विचार केला नसता तर त्या दोन महिन्यांत मूळ पदावर गेल्या असत्या. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी त्या दोन शिक्षिकांना आणि आणखी काही जणींना कार्यालयीन कन्नड शिकवलं, चार शनिवार, घरच्या सोप्यावर. मान राहिला, जागरण गेलं.

अंड्यांची खरेदी एसडीएमसीच्या एका सदस्याकडे गेली आणि दरातल्या फरकाचा विषय बैठकीच्या ठरावात लिहिला गेला. सही बाईंचीच लागते, जबाबदारीही त्यांचीच. पण गाडीवरून ट्रे आणणं सुटलं. प्रभारी पद सोडण्याचा अर्ज दिला, त्याचं उत्तर आलं नाही.

झोप, जेवण, चालणं

झोपेसाठी नियम थोडेच ठेवले. उठायची वेळ रोज पावणेसहा, रविवारीही तीच. मोबाइल साडेनऊनंतर स्वयंपाकघरात. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून मंद उजेडात काहीतरी करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. शेवटचा चहा चारला, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाचेक तासांनंतरही अंगात असतो. पहिले दहा दिवस वाईट गेले, गोळी उतरत होती हेही एक कारण. फेब्रुवारीत सलग साडेसहा तास, मार्चअखेर सात.

जेवणाचा प्रश्न शाळेतच सुटला. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असते, ती बाई घेतच होत्या आणि मग वाढप, नोंदी, भांडी हे सगळं बघून तीनला डबा उघडत. आता त्या पंगतीत मुलांबरोबर बसतात. "सातवीतल्या मुली घरच्या गोष्टी सांगतात तिथं," असं एका सत्रात त्या सहज म्हणाल्या. मी तेव्हा काही बोललो नाही, पण नोंदवहीत तारीख लिहून ठेवली. मुलांकडे परत ओढ वाटू लागल्याची ती पहिली खूण होती.

चालणं मार्चमध्ये सुरू झालं, तेही पहाटे नाही. येताना त्या तिसऱ्या रेल्वे गेटला उतरतात आणि तिथून घरापर्यंत चालत जातात, वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस. सहा दिवसांत ती जवळपास भरते. खरा फायदा वेगळा झाला. कामानंतर सावरण्यावर संशोधन करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग मनानं कामातून बाहेर पडण्याला फार महत्त्व देतात. बाईंच्या दिवसात शाळा संपून घर सुरू होण्याची रेघच नव्हती. ती या चालण्यानं ओढली. बेळगावच्या आषाढ-श्रावणात ते बरेचदा बुडालं. त्याची टिक कुठल्याही वहीत नव्हती, त्यामुळे बुडाल्याचं ओझंही झालं नाही.

घरात पतींनी शनिवारचा बाजार आणि भाकरी तेवढी सोडून रात्रीचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. भाकरी त्यांना अजून येत नाही. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला.

सप्टेंबर २०२५

२२ सप्टेंबर २०२५ ला राज्यात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं. दसऱ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी घरोघर जाऊन साठ प्रश्नांची माहिती मोबाइल अ‍ॅपमध्ये भरायची होती. ७ ऑक्टोबरला संपायचं ते लांबलं आणि सरकारी शाळांची सुट्टी १८ तारखेपर्यंत वाढवावी लागली. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शाळाबाह्य काम देऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं. असली सर्वेक्षणं त्यात कशी बसवायची हा वाद वेगळा. बाईंच्या वाट्याला सुट्टी आली नाही एवढं खरं. अ‍ॅप अडकायचं, ओटीपी यायचा नाही, लोक जात-उपजात-भाषेच्या रकान्यांवर दारातच वाद घालायचे. आठवड्याभरात झोप पाच तासांवर आली. फोनही पुन्हा सुरू झाले, कारण सूचना कन्नडमध्ये होत्या.

या वेळी त्यांनी गटावर सरळ लिहिलं की सर्वेक्षण संपेपर्यंत माझी व्हॉइस नोट बंद, वही आणि त्या दोघी आहेत. संध्याकाळचं चालणं सोडलं, दिवसभर पायपीट होतीच. साडेदहाला निजायचं मात्र सोडलं नाही, काम अर्धं राहिलं तरी. पर्यवेक्षकांना रोजची अडलेली घरं लेखी कळवली, म्हणजे उशिराचा दोष आपल्यावर येणार नाही. दिवाळीनंतर झोप पुन्हा सातच्या आसपास आली. हिमोग्लोबिन तेव्हा १२.१ होतं.

शाळेतली कायम शिक्षकाची आणखी एक जागा अजून रिकामीच आहे. प्रभारी पदाच्या अर्जाची तिसरी प्रत गेली आहे. पुढच्या बदली प्रक्रियेत घराजवळची शाळा मागायची की इथंच राहायचं, यावर पती-पत्नीचं एकमत नाही. पतींना बदली हवी आहे. बाई म्हणतात, सातवीची ही तुकडी जाऊ दे. सत्रं आता दोन महिन्यांतून एकदा होतात. पुढचं सत्र मे महिन्याच्या शेवटी, शाळा उघडायच्या आधी ठेवलं आहे. पटनोंदणी, पुस्तकं आणि गणवेश हे तिन्ही त्याच दोन आठवड्यांत येतात, आणि त्यातलं काय कुणाकडे द्यायचं ते तेव्हाच ठरवावं लागेल.